पिनोकिओ : फासावर संपलेली गोष्ट पुन्हा का सुरू झाली?

ओसरी

पिनोकिओ म्हटले की आपल्याला लांब होणारे नाक आठवते आणि त्यापाठोपाठ ‘खोटे बोलू नये’ हा उपदेश. आपल्यापैकी बहुतेकांना तो डिस्नेच्या १९४० च्या चित्रपटातून, किंवा त्यावर बेतलेल्या चित्रपुस्तकांतून भेटलेला असतो. मूळ इटालियन पुस्तकाचा संपूर्ण अनुवाद गेल्या काही महिन्यांत मी दोनदा वाचला. वाचताना असे वाटू लागले की आपल्याला ठाऊक असलेला पिनोकिओ आणि हा पिनोकिओ यांच्यात नावाखेरीज फारसे काही सारखे नाही. म्हणून हा धागा.

आधी जन्मकथा. लेखकाचे खरे नाव कार्लो लोरेंझिनी. त्यांचा जन्म फ्लोरेन्समध्ये २४ नोव्हेंबर १८२६ रोजी झाला. वडील एका सरदार घराण्याकडे आचारी होते आणि आईही त्याच घराण्याच्या चाकरीत होती. दहा भावंडांत कार्लो थोरले. त्यांतली बरीच भावंडे लहानपणीच दगावली. पुढे आईच्या माहेरच्या गावावरून त्यांनी ‘कोल्लोदी’ हे टोपणनाव घेतले. १८४८ आणि १८५९ अशा दोन्ही वेळा ते ऑस्ट्रियाविरुद्धच्या लढायांत स्वयंसेवक म्हणून गेले होते, आणि १८४८ मध्येच त्यांनी एक विनोदी-राजकीय वृत्तपत्र काढले होते, जे पुढच्याच वर्षी बंद पडले. म्हणजे मुलांसाठी लिहिण्याची हौस म्हणून लेखणी उचललेला हा माणूस नव्हे. फ्रेंच परीकथांचे भाषांतर करण्याच्या निमित्ताने ते बालसाहित्याकडे वळले तेव्हा त्यांची पन्नाशी जवळ आली होती. त्यांनी लग्न केले नव्हते आणि त्यांना स्वतःचे मूल नव्हते.

१८८१ च्या जुलै महिन्यात रोममध्ये ‘जोर्नाले पेर इ बाम्बिनी’ हे मुलांचे साप्ताहिक सुरू झाले आणि त्याच्या पहिल्याच अंकापासून ‘एका बाहुल्याची गोष्ट’ क्रमशः येऊ लागली. पहिले प्रकरण पाठवताना सोबतच्या चिठ्ठीत कोल्लोदींनी संपादकांना कळवले होते की हा पोरखेळ पाठवतो आहे, त्याचे हवे ते करा. मात्र छापलात तर मानधन चांगले द्या, म्हणजे पुढे लिहायची इच्छा होईल.

ऑक्टोबर अखेरीस पंधरावे प्रकरण आले. त्यात दोन मारेकरी पिनोकिओला गाठतात, एका मोठ्या ओकच्या झाडाला फास लावून लटकवतात आणि निघून जातात. वारा सुटतो, बाहुले घंटेच्या लोलकासारखे हेलकावे खाते, ‘बाबा, तुम्ही इथे असता तर’ असे काहीसे पुटपुटते, डोळे मिटते, पाय ताणते आणि ताठ होते. गोष्ट संपली. लेखकाच्या दृष्टीने खरोखरच संपली होती.

मुलांना मात्र ते मान्य नव्हते. तक्रारी येऊ लागल्या, संपादकांनी लेखकाला गळ घातली आणि थोड्याच दिवसांत साप्ताहिकात आनंदाची बातमी म्हणून छापून आले की पिनोकिओ जिवंत आहे असे कोल्लोदी कळवतात. १८८२ च्या फेब्रुवारीत कथा पुन्हा सुरू झाली, आता ‘पिनोकिओची साहसे’ या नावाने, आणि १८८३ च्या जानेवारीत छत्तिसाव्या प्रकरणाशी थांबली. लगेच पुढच्या महिन्यात फ्लोरेन्समध्ये एनरिको माझान्तींच्या चित्रांसह ती पुस्तकरूपात निघाली.

माझा मुद्दा एवढाच आहे. त्या मुलांनी ज्याला परत मागितले तो सुधारलेला, गुणी मुलगा नव्हता, कारण तोवर तो सुधारलाच नव्हता. आणि नाक खोट्यामुळे वाढण्याचा प्रसंग तर तोपर्यंत लिहिलाही गेला नव्हता. तो सतराव्या प्रकरणात येतो. त्यांना हवा होता तो पहिल्या पंधरा प्रकरणांतला उनाड, हावरा, आणि सतत भुकेला लाकडी पोर. ‘भुकेला’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. पिनोकिओला कोरणारा त्याचा बाप जेपेत्तो बाहुले बनवतो तेच मुळी नाचणारे, तलवार खेळणारे, कोलांट्या मारणारे बाहुले घेऊन जगभर हिंडावे आणि तुकडाभर पाव व पेलाभर वाइन मिळवावी म्हणून. त्याच्या खोलीत चूल पेटलेली दिसते, वर भांडे उकळताना दिसते, पण ते सगळे भिंतीवर रंगवलेले चित्र असते. पिनोकिओ भुकेने धावत जाऊन त्या चित्रातल्या भांड्याचे झाकण उघडू पाहतो. कचऱ्यात अंडे सापडते तर त्यातून पिल्लू बाहेर पडते, आभार मानते आणि उडून जाते. शेवटी जेपेत्तो आपल्या न्याहारीची तीन नासपती त्याच्यापुढे ठेवतो. साले काढून द्या म्हणून आधी नखरे करणारा पिनोकिओ थोड्या वेळाने ती साले आणि आतले बियांचे गाभेसुद्धा खाऊन टाकतो. माझ्या मते या व्यक्तिरेखेचे टिकाऊपण नाकात नाही, त्या सालांमध्ये आहे.

पाटीपेन्सिल

लेख आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. मी बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आहे, त्यामुळे माझी बाजू आधीच उघड आहे असे समजा. इटलीचे एकीकरण १८६१ मध्ये झाले तेव्हा तिथले सुमारे तीन चतुर्थांश लोक निरक्षर होते. १८७७ च्या कायद्याने सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. त्यानंतर चारच वर्षांनी ही कथा येते, आणि तिच्यातले प्रत्येक संकट कोठून सुरू होते ते पाहा. जेपेत्तो ऐन थंडीत अंगावरचा कोट विकून अंकलिपी आणतो, ती पिनोकिओ चार नाण्यांना विकून बाहुल्यांच्या खेळाचे तिकीट काढतो, आणि तिथून सारी वाताहत. पुढे तो ज्या खेळण्यांच्या देशात जातो तिथे शाळा नाही, मास्तर नाही, पुस्तक नाही, आणि पाच महिन्यांनी त्याला गाढवाचे कान फुटतात. याहून अधिक स्पष्ट शालेय उपदेश कोणता असेल? कोल्लोदी शालेय पुस्तके लिहीत होते हेही विसरू नये. ‘जान्नेत्तीनो’ नावाच्या मुलाभोवती रचलेली त्यांची क्रमिक पुस्तके तेव्हा शाळांतून चालत होती.

ओसरी

पाटीपेन्सिलताई, तुमचा मुद्दा बिनतोड वाटतो, पण सत्ताविसावे प्रकरण पुन्हा एकदा वाचून पाहावे अशी विनंती. समुद्रकिनारी मुलांची मारामारी होते आणि ती एकमेकांवर पाठ्यपुस्तके फेकू लागतात. नेम चुकून पुस्तके पाण्यात पडतात, मासे खाऊ समजून वर येतात, एखादे पान वा मुखपृष्ठ चावून पाहतात आणि तोंड वाकडे करून थुंकतात, की आम्हाला याहून बरे खायची सवय आहे. कोणती पुस्तके, तर अंकलिप्या, व्याकरणे, आणि चक्क ‘जान्नेत्तीनो’! स्वतःचे क्रमिक पुस्तक माशांकडून थुंकवून घेणारा लेखक उपदेश करतोच आहे, नाही असे नाही, पण उपदेश करताना त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आहे.

नाकाचेही तसेच. पहिल्यांदा नाक वाढते ते जेपेत्तो ते कोरत असताना. पिनोकिओने तोवर तोंडही उघडलेले नसते, कारण तोंड अजून कोरायचे असते. जेपेत्तो छाटत जातो आणि ते उद्धट नाक लांबत जाते. दुसऱ्यांदा ते चार बोटे वाढते ते चूल रंगवलेली आहे हे कळल्यावर, म्हणजे निराशेने. निळ्या केसांच्या परीसमोर सोन्याच्या नाण्यांबद्दल लागोपाठ तीन थापा मारल्यावर ते एवढे लांबते की त्याला खोलीत वळता येत नाही. एकोणतिसाव्या प्रकरणात एका म्हाताऱ्याजवळ तो स्वतःचीच स्तुती करतो तेव्हा पुन्हा वाढते. एवढेच. उलट, शेकोटीवर पाय ठेवून झोपल्यामुळे पाय जळून गेले असताना ‘मांजराने खाल्ले’ असे तो बापाला सांगतो तेव्हा नाक जागचे हलत नाही. छत्तीस प्रकरणांच्या पुस्तकातला हा पसारा पाहता नाकाला जे अध्यक्षपद मिळाले आहे ते चित्रकारांनी आणि पडद्याने दिलेले आहे.

अर्नोकाठ

मी गेली नऊ वर्षे फ्लोरेन्समध्ये राहते, त्यामुळे भाषेबद्दल दोन शब्द. ‘पिनोकिओ’ हा तोस्कानाच्या बोलीतला शब्द असून त्याचा अर्थ पाइनच्या शंकूतली बी. आपल्याकडे सुकामेव्याच्या दुकानात चिलगोजे मिळतात तेच. तेव्हा शब्दशः भाषांतर करायचे तर आपल्या नायकाचे नाव चिलगोजा! जेपेत्तो हे नाव निवडताना जे कारण देतो ते तर ओसरी यांच्या भुकेच्या मुद्द्याला पुष्टी देणारे आहे. तो म्हणतो की मला पिनोकिओंचे एक कुटुंब ठाऊक होते, बाप पिनोकिओ, आई पिनोकिआ, मुले पिनोकी, आणि सगळ्यांचे उत्तम चालले होते. त्यांतला सर्वांत श्रीमंत भीक मागत असे. हे वाक्य मोठ्याने वाचले की इथली मुले खदखदून हसतात आणि आजीआजोबा जरा गप्प होतात, हे मी पाहिले आहे.

या पुस्तकाची भाषा हा त्याच्या टिकण्यातला मोठा भाग आहे, आणि तो भाषांतरात सर्वांत आधी गळतो. नव्या देशाला एक बोलती, घरगुती इटालियन हवी होती, आणि फ्लोरेन्सची बोली प्रमाण मानून जो शब्दकोश सरकारी पुढाकाराने तयार होत होता त्याच्या कामावर कोल्लोदींची नेमणूक झाली होती. कोशाच्या कामात मुरलेला हा माणूस गोष्ट लिहायला बसला तेव्हा त्याने कोशातली भाषा बाजूला ठेवून बाजारातली उचलली. सुरुवातच पाहा. ‘एकदा काय झाले, एक होता...’ एवढे म्हणून तो थांबतो. छोटे वाचक लगेच ‘राजा!’ म्हणतात, आणि तो सांगतो, नाही मुलांनो, चुकलात, एक होता लाकडाचा ओंडका. तोही किमती लाकडाचा नव्हे, थंडीत चुलीत सारायच्या सरपणातला. दोन-तीन वाक्यांत राजा गेला आणि जळण आले.

कोल्लोदी गाव इथून फार दूर नाही. पेशा नगराच्या हद्दीत, टेकडीच्या उतारावर घरे एकाखाली एक सांडल्यासारखी उतरत येतात, आणि पायथ्याशी गार्झोनी घराण्याचा वाडा व त्याची पायऱ्यापायऱ्यांची बाग आहे. लहानपणी कार्लो आजोळी येथे राहत. १९५६ मध्ये तिथे पिनोकिओचे उद्यान उभारले गेले. एमिलिओ ग्रेको यांचे ब्राँझचे शिल्प आहे, त्यात परी आणि पिनोकिओ जणू एकाच खोडातून वर गेलेले दिसतात. माझ्या मुलाला मात्र ते शिल्प अजिबात आवडले नाही, कारण त्याचे नाक पुरेसे लांब नाही.

खाडीपलीकडे

चर्चेत थोडी वेगळी भर. आम्ही कुडाळकडचे. जवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची मंडळी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. तो खेळ लहानपणापासून पाहिल्यामुळे मला एक प्रश्न नेहमी पडतो. मराठीत पिनोकिओला सर्रास ‘कळसूत्री बाहुला’ म्हणतात, पण कळसूत्री म्हणजे दोरीवर चालणारा. याला दोरी कुठे आहे? मूळ शब्द कोणता?

अर्नोकाठ

मूळ शब्द ‘बुरात्तीनो’, आणि गंमत म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर तो हातात घालून नाचवायच्या बाहुलीसाठी आहे. दोरीच्या बाहुलीला ‘मारियोनेत्ता’ म्हणतात. बोलण्यात मात्र दोन्ही शब्दांची सरमिसळ होते आणि कोल्लोदींनीही काटेकोरपणा पाळलेला नाही. पिनोकिओला पाय आहेत, सांधे आहेत, म्हणजे घडण दोरीच्या बाहुलीची आहे, पण दोरी पहिल्या पानापासून नाही.

खाडीपलीकडे

धन्यवाद. मग माझे निरीक्षण असे की दहाव्या-अकराव्या प्रकरणात पिनोकिओ खेळाच्या तंबूत जातो तेव्हा रंगमंचावरची बाहुली त्याला पाहताच नाटक थांबवून ‘आमचा भाऊ आला’ म्हणून ओरडतात आणि खांद्यावर उचलून घेतात. त्यांनी त्याला याआधी कधी पाहिलेले नसते. तो प्रेक्षकांत बसलेला बाहुला आहे, त्यांच्यासारखा, पण मोकळा. त्यांचा मालक मांजाफोको, म्हणजे आगखाऊ, हा तर अफलातून पात्र आहे: त्याला दया आली की तो रडत नाही, शिंकतो. मेंढा भाजायला लाकूड कमी पडते म्हणून पिनोकिओला जाळायला निघालेला हा राक्षसी माणूस शिंका देत देत त्याला सोडतो, आणि वर बापासाठी पाच मोहरा देतो. आमच्याकडच्या खेळात सूत्रधार असा शिंकला असता तर प्रेक्षकांनी तंबू डोक्यावर घेतला असता.

अवांतर : शेवटी पिनोकिओला गिळतो तो देवमासा नाही. मूळ शब्दाचा अर्थ शार्क, म्हणजे आमची मुशी, असे वाचल्याचे आठवते. कोणी दुजोरा देईल का?

अर्नोकाठ

होय, शब्दशः ‘कुत्रामासा’, म्हणजे शार्कच. देवमासा डिस्नेचा. कोल्लोदींची मुशी शेपूट सोडून किलोमीटरहून लांब आहे आणि तिला दमा आहे. म्हातारी झाल्यामुळे ती रात्री तोंड उघडे टाकून झोपते, आणि बापलेक त्या उघड्या तोंडातून निसटतात. डिस्नेकडे बोटीत धूर करून माशाला शिंक आणवतात. इथे म्हातारपणाचा आजार पुरतो.

तिरकस

आतापर्यंत कोणी न्यायालयाचा उल्लेख केला नाही, याचे नवल वाटते. कोल्हा आणि मांजर पिनोकिओला पटवतात की मोहरा शेतात पुरल्या की मोहरांचे झाड उगवते. तो पुरतो, ते चोरतात, तो न्यायाधीशाकडे जातो. न्यायाधीश म्हातारा गोरिला आहे, चष्म्याला काचा नाहीत. तो सगळी फिर्याद अत्यंत सहानुभूतीने ऐकून घेतो, हळवा होतो, आणि मग शिपायांना आज्ञा करतो की या बिचाऱ्याच्या चार मोहरा चोरीला गेल्या आहेत, तेव्हा याला ताबडतोब तुरुंगात टाका. चार महिन्यांनी सम्राटाच्या विजयाप्रीत्यर्थ सर्व गुन्हेगारांना माफी मिळते, तेव्हा तुरुंगाधिकारी पिनोकिओला सोडत नाही, कारण तो गुन्हेगार नाही. ‘माफ करा, पण मीही गुन्हेगारच आहे’ असे सांगितल्यावर तो टोपी काढून सलाम करतो आणि दार उघडतो. ज्या माणसाचे वृत्तपत्र बंद पडले होते त्याने हे लिहिले आहे. पाटीपेन्सिल यांनी माफ करावे, पण खोटे बोलल्याबद्दल सुटका होणाऱ्या या प्रसंगातून वर्गाला कोणता धडा द्यायचा?

पाटीपेन्सिल

तिरकस, या प्रसंगापुढे मी हात टेकले. तिथे नाकही वाढत नाही, हे आता पडताळून पाहिले. पण पूर्ण माघार घेत नाही. माझ्या मते कोल्लोदींची कुचंबणा खरी आहे: मुलांनी शिकावे असे त्यांना मनापासून वाटते आणि शिकणाऱ्या मुलांकडे पाहताना त्यांना हसूही येते. बोलणारा रातकिडा घ्या. डिस्नेने त्याला टोपी, छत्री आणि नायकाच्या सदसद्विवेकबुद्धीची नोकरी दिली. मूळ पुस्तकात तो शंभर वर्षे त्या खोलीत राहणारा किडा आहे, चौथ्या प्रकरणात चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो आणि पिनोकिओ लाकडी हातोडा फेकून त्याला भिंतीवर चिरडतो. शिक्षिका म्हणून मला त्या रातकिड्याबद्दल आत्मीयता वाटते. तो पुढे भूत होऊन येतो, वैद्य होऊन येतो, प्रत्येक वेळी बरोबर असतो आणि प्रत्येक वेळी त्याचे कोणी ऐकत नाही.

दोनलेकरे

इतकी जाणकार चर्चा चाललेली असताना व्यावहारिक प्रश्न विचारते. मुलगी सहा वर्षांची, मुलगा नऊ वर्षांचा. फाशी, जळलेले पाय, चिरडलेला रातकिडा हे सगळे रात्री झोपताना वाचून दाखवावे का?

ओसरी

नऊ वर्षांच्या मुलाला निःशंकपणे वाचून दाखवा. सहा वर्षांच्या मुलीसाठी पंधरावे आणि सोळावे प्रकरण एकाच रात्री वाचा, मध्ये थांबू नका. १८८१ च्या मुलांना साडेतीन महिने थांबावे लागले होते, ती शिक्षा आज कोणाला नको. सोळाव्या प्रकरणात निळ्या केसांची मुलगी त्याला उतरवून आणवते आणि तीन वैद्य बोलावते. कावळा म्हणतो, बाहुले पुरते मेले आहे, पण दुर्दैवाने मेले नसेल तर ते जिवंत असल्याचे ते खात्रीचे लक्षण होय. घुबड नेमके उलट सांगते. भीती तिथे जाते.

अवघड जागा फाशीची नाही, शेवटच्या प्रकरणाची आहे, असे माझे मत. पिनोकिओ आजारी बापाला पेलाभर दूध मिळावे म्हणून एका बागवानाकडे रहाट ओढतो, शंभर बादल्या पाण्यामागे एक पेला. त्याच्याआधी ते काम करणारे गाढव गोठ्यात मरायला टेकलेले असते, आणि ते गाढव म्हणजे खेळण्यांच्या देशात त्याच्यासोबत गेलेला जिवलग मित्र लुचिन्योलो. दोघांची ओळख पटते आणि तो डोळे मिटतो. बागवान हसतो, की फुकटच्या गाढवासाठी तू रडतोस, मग मी पैसे मोजले होते त्याचे काय. हे वाचताना माझा आवाज दोन्ही वेळा अडकला.

तिरकस

आणि त्यानंतर तो शहाणा मुलगा होतो, हे मात्र मला लहानपणीही पटले नव्हते. रशियात अलेक्सेई टॉल्स्टॉय यांनी १९३६ मध्ये हीच कथा घेऊन आपला बुरातिनो रचला, तो शेवटपर्यंत लाकडीच राहतो आणि त्याचे काही अडत नाही. तिथल्या पिढ्या त्याच्यावरच वाढल्या.

ओसरी

त्या शेवटाबद्दल मीही साशंक होतो. पण माणूस झालेला पिनोकिओ बापाला विचारतो की तो जुना लाकडी पिनोकिओ कुठे गेला, आणि जेपेत्तो खुर्चीकडे बोट दाखवतो. तिथे बाहुले टेकवून ठेवलेले आहे: मान एका बाजूला कललेली, हात लोंबणारे, पाय अढी घालून मधोमध दुमडलेले. म्हणजे लाकडाचे मांस झालेले नाही. नवा मुलगा वेगळा आला आणि जुना तिथेच राहिला. तो मुलगा त्याच्याकडे पाहून म्हणतो, मी बाहुला होतो तेव्हा किती हास्यास्पद होतो! मला त्या वाक्याचा थोडा राग येतो, आणि लेखकाला तो यावा असे वाटत असावे अशी माझी शंका आहे.

दोनलेकरे

काल रात्री शेवटचे प्रकरण वाचून झाले. मुलगा लुचिन्योलोपाशी रडला. मुलीने खुर्चीवरच्या बाहुल्याचे वर्णन दोनदा वाचायला लावले, आणि दिवा मालवल्यावर अंधारात विचारले, ‘आता त्याला जेवायला कोण देणार?’